अणुबॉम्ब असूनही हल्ले का होतात? डिटरन्सबद्दल जाणकारांकडून तपशील हवेत

धरमपेठी (धागाकर्ती)

नागपुरातल्या आमच्या अभ्यासमंडळाने पुढच्या बैठकीला 'डिटरन्स', म्हणजे धाकाने समोरच्याला हल्ल्यापासून रोखणं, हा विषय घेतला आहे. बारा-पंधरा जण असतात, निम्मे स्पर्धा परीक्षेवाले, निम्मे निवृत्त. प्राथमिक चर्चेतच गाडं एका प्रश्नावर अडलं. १९९८ मध्ये पोखरणला स्फोट झाले, तरी १९९९ ला कारगिल, २००१ ला संसद, २००८ ला मुंबई, २०१६ ला उरी, २०१९ ला पुलवामा, २०२५ ला पहलगाम. मग डिटरन्स फसलं म्हणायचं का?

दुसरं, याला मराठी शब्द कोणता? 'प्रतिबंध' म्हटलं की लोकांना निर्बंध आठवतात, 'प्रतिरोध' म्हटलं की प्रतिकार. आणि नागपूर-विदर्भाशी याचा धागा जुळवून देता आला तर चर्चा हवेत जाणार नाही. पक्षीय शेरेबाजी कृपया नको.

लोखंडी_पूल

मराठीत जुना शब्द आहे: वचक. मास्तर वर्गात नसतानाही पोरं गप्प बसतात, तो वचक. छडी मास्तरांच्या कपाटात असते, वचक पोरांच्या डोक्यात. म्हणून शस्त्रांची यादी वाचून डिटरन्स मोजता येत नाही, समोरच्याचा हिशेब काय असेल ते पाहावं लागतं.

'फसलं का' हा प्रश्न अर्धा आहे. कोणाला, कशापासून आणि कशाच्या जोरावर रोखायचं होतं, या तीन रिकाम्या जागा आधी भरा. भारताची अण्वस्त्रं दुसऱ्याला अण्वस्त्र वापरण्यापासून रोखण्यासाठी आहेत, आणि तेवढ्यापुरती ती चालली आहेत. घुसखोरी त्या दारातून येतच नाही, त्यामुळे त्या दाराच्या कुलपाला दोष देण्यात अर्थ नाही. हे आपल्याकडेच घडतं असंही नाही. इस्रायलकडे अण्वस्त्रं आहेत असा सर्वांचा समज असताना १९७३ मध्ये इजिप्त आणि सीरियाने हल्ला केला. ब्रिटन अण्वस्त्रधारी असताना १९८२ मध्ये अर्जेंटिनाने फॉकलंड घेतलं. १९६९ मध्ये उसुरी नदीवर चीन आणि सोव्हिएत संघ, दोघेही अण्वस्त्रधारी, आपसात भिडले. तिन्ही वेळा जमीन वादग्रस्त, हेतू मर्यादित आणि 'एवढ्यासाठी कोणी बॉम्ब टाकत नाही' हा अंदाज पक्का. कारगिलची मांडणी हीच होती.

ग्लेन स्नायडर या अमेरिकी अभ्यासकाने १९६० च्या दशकात हे मांडलं, त्याला नाव पडलं: स्थैर्य-अस्थैर्याचा विरोधाभास. वरच्या मजल्यावर दोघांचेही हात बांधलेले असले की खालच्या मजल्यावर मारामारी करायला धीर येतो.

त्याचाच दुसरा भेद मंडळात फळ्यावर लिहा. वचक दोन प्रकारे बसतो. एक अटकावाने: 'तू आलास तरी तुला हवं ते मिळणार नाही.' दुसरा शिक्षेने: 'मिळेल, पण किंमत परवडणार नाही.' अटकावाला आघाडीवर माणसं, तोफा, हवाई संरक्षण, साठे लागतात, म्हणून तो महाग. शिक्षा तुलनेने स्वस्त, पण ती प्रत्यक्षात देऊ का याची शंका समोरच्याला कायम असते.

बर्डीवाला

भाऊ, एक सांगा. न झालेल्या लढाईचं श्रेय कोणाले द्याचं? आमच्या गल्लीत वाघ येत नाही, म्हणून दारावरच्या लिंबू-मिरचीनं काम केलं म्हणाचं का? अर्धा डिटरन्स असाच विकून राहिले लोक.

लोखंडी_पूल

@बर्डीवाला, शंका बरोबर आहे, आणि या विषयातला सगळ्यात जुना आक्षेप हाच. 'युद्ध झालं नाही' हा पुरावा कामाचा नाही. पुरावा शोधायचा तो समोरच्याने स्वतःवर घातलेल्या मर्यादेत, विशेषतः ती मर्यादा त्याला महाग पडली असेल तर. कारगिलमध्ये २६ मे १९९९ पासून हवाई दल उतरलं, पण नियंत्रण रेषा ओलांडायची नाही असा आदेश होता. त्यामुळे विमानांना अरुंद पट्ट्यात, अडचणीच्या दिशेने हल्ले करावे लागले. पहिल्या तीन दिवसांत दोन लढाऊ विमानं आणि एक हेलिकॉप्टर गमावूनही तो आदेश बदलला नाही. एवढी किंमत मोजून मर्यादा पाळली जाते तेव्हा काहीतरी रोखत असतं. ते अण्वस्त्रांचं भय होतं की जगाची सहानुभूती टिकवण्याचा विचार, यावर वाद घाला. माझ्या मते दोन्ही होतं.

फुटाळा_काठ

आणखी एक गोंधळ निस्तरायला हवा: रोखणं वेगळं आणि भाग पाडणं वेगळं. टॉमस शेलिंग या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने हा फरक नीट मांडला. रोखताना समोरच्याने फक्त काही करायचं नसतं. तो गुपचूप थांबू शकतो, नाक कापलं जात नाही. भाग पाडताना त्याला चारचौघांत मागे यावं लागतं, म्हणून ते कितीतरी अवघड.

ऑपरेशन पराक्रम ही भाग पाडण्याची मोहीम होती. १३ डिसेंबर २००१ ला संसदेवर हल्ला, लगेच जमवाजमव. पण मथुरा, अंबाला आणि भोपाळ इथल्या तीन प्रहारक कोअर (चढाईसाठी राखलेल्या मोठ्या फौजा) सीमेवर पोचायला सुमारे तीन आठवडे गेले. तोवर पाकिस्तानने आपलं सैन्य लावलं, अमेरिकेचा दबाव सुरू झाला आणि १२ जानेवारी २००२ ला मुशर्रफ यांचं भाषण होऊन गेलं. धमकी खरी वाटायला जो वेग लागतो तो नव्हता. मे मध्ये जम्मूजवळ कालुचकचा हल्ला झाला, ऑक्टोबरमध्ये सैन्य परत. यातूनच पुढे लहान, लवकर निघणाऱ्या तुकड्यांचा विचार आला, ज्याला लोक 'कोल्ड स्टार्ट' म्हणतात. आणि त्याला उत्तर म्हणून पाकिस्तानने एप्रिल २०११ मध्ये ६० किलोमीटर पल्ल्याच्या, छोटं अण्वस्त्र वाहणाऱ्या नस्र क्षेपणास्त्राची चाचणी केली. एकाने भोक बुजवलं की दुसरा नवं पाडतो.

२०१६ नंतरचा क्रमही बघा. आधी नियंत्रण रेषेपलीकडे जमिनीवरून, २०१९ ला बालाकोटवर विमानांतून, ७ मे २०२५ ला नऊ ठिकाणी, त्यात पाकिस्तानी पंजाबातली बहावलपूर आणि मुरीदके, आणि १० मे ला थेट हवाई तळ. दर वेळी पायरी वरची. याने वचक बसतो की पुढच्या वेळी पायऱ्याच उरत नाहीत, हा बैठकीतला खरा वादाचा मुद्दा ठेवा.

अंबाझरी_पाळ

नागपूरचा धागा शोधत असाल तर तो अटकावात आहे, शिक्षेत नाही. हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय वायुसेनानगरला. ओझर, कानपूर, चंदीगड वगैरे दुरुस्ती डेपो तिच्याखाली येतात. अंबाझरीच्या कारखान्यात तोफगोळ्यांची कवचं आणि रॉकेटचे धातूचे भाग, भंडाऱ्याला प्रोपेलंट (गोळा किंवा रॉकेट पुढे ढकलणारी दारू), भद्रावतीच्या चांदा कारखान्यात गोळ्यांत स्फोटकांची भरण, पुलगावला दारूगोळ्याचं केंद्रीय भांडार. ऑक्टोबर २०२१ च्या फेररचनेत अंबाझरी यंत्र इंडियाकडे गेलं, ज्याचं मुख्यालय इथेच आहे, आणि भंडारा-चांदा म्युनिशन्स इंडियाकडे, ज्याचं पुण्याला. खासगी क्षेत्रात इकॉनॉमिक एक्स्प्लोझिव्हज आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये पिनाक रॉकेटांसाठी तिच्यासह झालेले करार एकूण १०,१४७ कोटींचे.

आता हे मोजायचं कसं? दिवसांत. सैन्याचं मूळ प्रमाण ४० दिवसांच्या घनघोर लढाईला पुरेल इतका साठा, आणि किमान स्वीकारार्ह पातळी २० दिवस. कॅगच्या २०१७ च्या अहवालात १५२ प्रकारांपैकी ४० टक्के प्रकार १० दिवसांपेक्षा कमी होते. त्यातली खोच फ्यूझची, म्हणजे गोळ्याचा स्फोट घडवणाऱ्या भागाची. गोळा आहे, भरण आहे, पण इलेक्ट्रॉनिक फ्यूझ नाही, म्हणजे तो गोळा साठ्यात मोजला जातो आणि तोफेत मात्र चालत नाही. शत्रू परेडमधल्या तोफा मोजत नाही, तो हे मोजतो. दहा दिवसांचा साठा असेल तर त्याने अकरा दिवस तग धरला की पुरे.

पिनाकचं उदाहरण सांगायला सोपं. एका लाँचरमध्ये १२ रॉकेटं, ४४ सेकंदांत सगळी जातात. सहा लाँचरच्या बॅटरीची ७२. मिनिटभरात अख्खा ट्रकांचा ताफा रिकामा, मग जागा बदलायची, पुन्हा भरायचं. पल्ला किती हे सगळे विचारतात. मागून किती ट्रक येणार आहेत, हे विचारायला हवं.

साखळीतली एक कडी तुटली तर काय होतं ते विदर्भाने पाहिलं आहे. ३१ मे २०१६ ला पुलगावला आग लागली ती सदोष टँकविरोधी सुरुंगांच्या साठ्यात. २४ जानेवारी २०२५ ला भंडाऱ्याच्या स्फोटात आठ कामगार गेले. माणसं जातात, आणि त्यामागोमाग उत्पादन थांबतं. एकच ठिकाण, एकच प्रक्रिया असेल तर त्याला पर्याय उभा करायला महिने लागतात.

संत्रा_बर्फी

अणुसिद्धान्ताची नेमकी कलमं देते, कारण यावर सोशल मीडियावर काहीही फिरतं. ४ जानेवारी २००३ च्या निवेदनात किमान विश्वासार्ह वचक, प्रथम वापर नाही, आणि भारतावर किंवा कुठेही भारतीय सैन्यावर अण्वस्त्र वापरलं तर प्रचंड, असह्य हानी करणारा प्रतिहल्ला असं आहे. पळवाट एकच: मोठा जैविक किंवा रासायनिक हल्ला झाला तर अणुप्रतिहल्ल्याचा पर्याय राखून ठेवला आहे. आदेशाचा अधिकार फक्त पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखालच्या राजकीय परिषदेला. राष्ट्रीय सुरक्षा सल्लागारांची कार्यकारी परिषद सल्ला देते आणि आदेश राबवते. पर्यायी आदेशसाखळीचा उल्लेखही निवेदनात आहे, म्हणजे दिल्लीवर घाव घालून उत्तर टळत नाही.

'आधी वापरणार नाही' म्हटलं की सगळा भार पहिला घाव सोसून उरण्यावर येतो. हिशेबाची रीत दाखवते (आकडे कल्पित, फक्त समजण्यासाठी). समजा ६० क्षेपणास्त्रं. पहिल्या हल्ल्यात ४० टक्के वाचली: २४. त्यातल्या ८५ टक्क्यांपर्यंत आदेश पोचला: साधारण २०. उडण्यात ९० टक्के यश: १८. शत्रूच्या संरक्षणातून ८० टक्के पार: १४ किंवा १५. आता प्रत्येक टप्प्याचा आकडा पाचने वाढवून बघा (४० चे ४५, ८५ चे ९०). सगळ्यात जास्त फरक पहिल्या टप्प्यात पडतो, कारण तिथला आकडाच लहान आहे. म्हणून पाणबुडी.

अरिहंत ऑगस्ट २०१६ ला नौदलात आली, पहिली गस्त पूर्ण झाल्याचं ५ नोव्हेंबर २०१८ ला जाहीर झालं, अरिघात २९ ऑगस्ट २०२४ ला. अरिहंतमध्ये ७५० किलोमीटर पल्ल्याची १२ के-१५ किंवा ३,५०० किलोमीटरची चार के-४ मावतात. बंगालच्या उपसागरातून के-१५ ने चीनची मोठी शहरं गाठता येत नाहीत. चीनच्या बाबतीत वचक सुरू होतो तो के-४ पासून. आणि एक पाणबुडी कायम समुद्रात ठेवायची तर ताफ्यात चार लागतात: एक गस्तीवर, एक जा-ये करताना, एक सरावात, एक मोठ्या दुरुस्तीत. ब्रिटन १९६९ पासून हे चारांवरच चालवतो.

आदेश कसा जातो, हे विसरलं जातं. पाण्याखाली साधे रेडिओ चालत नाहीत. अतिशय कमी वारंवारितेच्या लहरी काही मीटर आत शिरतात, त्याही संथ आणि एकतर्फी. त्यासाठी तमिळनाडूत तिरुनेलवेलीजवळ आयएनएस कट्टबोम्मन आहे आणि तेलंगणात विकाराबादला दुसरं केंद्र उभं राहतंय. एकच केंद्र असणं म्हणजे वरच्या हिशेबातला ८५ चा आकडा एका अँटेनावर टांगून ठेवणं.

फुटाळा_काठ

तपशील उत्तम. पण 'प्रचंड प्रतिहल्ला' मला पटत नाही. नस्रसारखं छोटं अस्त्र त्यांच्याच भूमीवर, आपल्या रणगाड्यांच्या एका तुकडीवर पडलं, तर आपण त्यांची शहरं भाजू? आणि मग आपली भाजतील? ही धमकी मोठी आहे म्हणूनच पोकळ वाटते.

संत्रा_बर्फी

माजी परराष्ट्र सचिव श्याम सरन यांनी एप्रिल २०१३ मध्ये याचं उत्तर दिलं होतं: अस्त्राला छोटं म्हणा की मोठं, आमच्या लेखी ते अण्वस्त्रच. त्यामागचा तर्क असा की प्रमाणशीर उत्तराची तयारी दाखवली की छोट्या वापराला भाव ठरवून दिल्यासारखं होतं. शिवाय तुम्ही नस्रचीही अडचण बघा. ६०-७० किलोमीटर पल्ला म्हणजे लाँचर आघाडीच्या अगदी मागे. अधिकार वरती ठेवला तर आदेश यायच्या आत लाँचर हातचा जाईल. खाली दिला तर एखादा घाबरलेला कनिष्ठ अधिकारी अणुयुद्ध सुरू करेल. ही त्यांची डोकेदुखी आपल्या बाजूने काम करते. तरी मान्य, शंका उरतेच.

लोखंडी_पूल

दोघांच्या मध्ये एक स्थानिक दाखला. नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीच्या दोन टेकड्यांवर कंपनीची फौज होती, आप्पासाहेब भोसल्यांच्या सैन्यापुढे मूठभर. तिने आप्पासाहेबांना रोखलं नाही, २६ तारखेला लढाई पेटली, आणि ते हरले. मूठभर तुकडी अटकाव म्हणून निरुपयोगी असते. तिचा उपयोग एवढाच, की तिला हात लावला तर मागचं अख्खं साम्राज्य अंगावर येईल, हे समोरच्याला पटलं पाहिजे. ते पटलं नव्हतं. टेकडीवरचा किल्ला नंतरचा.

शीतयुद्धात पश्चिम बर्लिनमधली दोस्तांची शिबंदी याच जातीची. २०१७ मध्ये नाटोने बाल्टिक देशांत आणि पोलंडमध्ये एकेक बहुराष्ट्रीय बटालियन ठेवली तीही. त्याआधी २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, रँड या अमेरिकी संशोधन संस्थेच्या टेबलावरच्या युद्धखेळांत रशियन सैन्य जास्तीत जास्त ६० तासांत तालिन आणि रिगाच्या वेशीवर पोचत होतं. युक्रेनवरच्या आक्रमणानंतर, २०२२ च्या माद्रिद बैठकीत गरज पडेल तिथे या तुकड्या ब्रिगेडइतक्या वाढवायचं ठरलं. शिक्षेच्या भरवशावरून अटकावाकडे सरकणं म्हणतात ते हे.

बर्डीवाला

बर्डीच्या टेकडीची गोष्ट पटली. पण माणूस घाबरला की चुकते बी लवकर. त्याचं काय?

अंबाझरी_पाळ

ते सर्वांत धोक्याचं. ९ नोव्हेंबर १९७९ ला अमेरिकेच्या हवाई संरक्षण केंद्रात सरावाचा डेटा खऱ्या यंत्रणेत शिरला आणि पडद्यावर सोव्हिएत हल्ला दिसला. जून १९८० मध्ये ४६ सेंटची एक चिप बिघडली आणि पुन्हा तेच. २६ सप्टेंबर १९८३ ला सोव्हिएत उपग्रहांनी ढगांवरचं ऊन क्षेपणास्त्र समजून घेतलं. कर्तव्यावरच्या पेत्रोव्ह यांनी पाचच क्षेपणास्त्रांनी कोणी युद्ध सुरू करत नाही असा विचार करून इशारा खोटा ठरवला.

आपल्याकडे ९ मार्च २०२२ ला देखभालीदरम्यान ब्रह्मोस सुटलं आणि पाकिस्तानात मियाँ चन्नूला पडलं. स्फोट झाला नाही. पुढे तीन अधिकारी बडतर्फ झाले. लक्षात घ्या, २००५ चा चाचणीपूर्व सूचनेचा करार बॅलिस्टिक क्षेपणास्त्रांपुरता आहे, ब्रह्मोससारखी क्रूझ त्यात येत नाहीत. आणि २७ फेब्रुवारी २०१९ ला श्रीनगरजवळ आपलंच एमआय-१७ हेलिकॉप्टर आपल्याच क्षेपणास्त्राने पडलं. तणावात आपला कोण, परका कोण हे ओळखणंच आधी कोलमडतं.

यावर उतारा म्हणून ज्या रटाळ गोष्टी आहेत त्यांना नावं ठेवू नका. दर १ जानेवारीला दोन्ही देश अणुकेंद्रांच्या याद्या बदलतात, १९८८ च्या करारानुसार, आणि कारगिलनंतर किंवा पुलवामानंतरही हे थांबलं नाही. लष्करी कारवाई महासंचालकांची हॉटलाइन आहे. १० मे २०२५ ला दुपारी ३.३५ ला त्यावर फोन आला आणि ५ वाजल्यापासून गोळीबार थांबवायचं ठरलं.

धरमपेठी

नागरी संरक्षणाचं काय? नागपुरात तर त्याची राष्ट्रीय प्रशिक्षण संस्था १९५७ मध्येच सुरू झाली. ते अटकावातच मोडतं ना? सायरन, अंधारपट, आश्रयस्थानं?

फुटाळा_काठ

पारंपरिक हल्ल्यासाठी हो. नुकसान कमी झालं की हल्ल्याचा मोबदला कमी. पण अण्वस्त्रांच्या बाबतीत गाडी उलटी फिरते. तुम्ही लोकसंख्येला खंदकात लपवायची पक्की सोय केलीत, तर समोरचा म्हणतो: हे पहिला घाव घालून माझं उत्तर पचवायच्या तयारीत आहेत. म्हणूनच १९७२ च्या करारात अमेरिका आणि सोव्हिएत संघाने आपापली क्षेपणास्त्रविरोधी ढाल दोन ठिकाणांपुरती, १९७४ मध्ये एकाच ठिकाणापुरती मर्यादित केली. २००२ मध्ये अमेरिका त्यातून बाहेर पडली. स्वतःची छाती उघडी ठेवायची हमी देणं, हा या शास्त्रातला सगळ्यात विचित्र भाग.

ही हमी महत्त्वाची आहे. 'केलंस तर मारीन' याला 'नाही केलंस तर मारणार नाही' ही जोड नसेल, तर समोरच्याला थांबायचं कारणच उरत नाही. आपल्या जुन्या कागदपत्रांत यालाच कौल म्हणत. गाव वसवायला नुसता धाक पुरत नसे, कौलही द्यावा लागे.

लोखंडी_पूल

@धरमपेठी, भाषणापेक्षा खेळ घ्या. तीन टेबलं: दोन देश, एक नियंत्रण. सहा फेऱ्या, प्रत्येकी दहा मिनिटं. दर फेरीला प्रत्येक देश दोन चिठ्ठ्या देतो: एकीवर 'आम्ही काय केलं', दुसरीवर 'यातून समोरचा काय समजेल'. दुसरी घडी करून ठेवायची, शेवटी उघडायची. निरोप एक फेरी उशिरा पोचवायचा, आणि दर तिसरा निरोप अर्धा फाडून द्यायचा.

नेहमी बिघडतं ते असं, की खेळणाऱ्यांचं काही जात नाही म्हणून तिसऱ्या फेरीतच सगळे बॉम्बवर येतात. म्हणून प्रत्येक टेबलाला वीस चिंचोके. जमवाजमव केली तर दोन गेले, हल्ला केला तर तीन, आणि सैन्य सज्ज ठेवलं तर दर फेरीला एक. संपले की माघार घ्यावीच लागेल. नियंत्रणाच्या टेबलावर कमी बोलणारी माणसं बसवा.

अंबाझरी_पाळ

एक दुरुस्ती. चिंचोके उघड्यावर ठेवू नका, रुमालाखाली ठेवा. किती उरले याबद्दल खोटं बोलायची दोघांनाही मुभा द्या. नियंत्रणाने मात्र चौथ्या फेरीला एका देशाचे चार चिंचोके गुपचूप काढून घ्यावेत आणि चिठ्ठी द्यावी: 'फ्यूझ नाहीत.'